स्क्रीनशॉट पाठवा, म्हणजे कळेल

घरचं इंटरनेट आणि ऑफिसचं इंटरनेट यांची तुलना कशी करायची, हे मला गेल्या आठवड्यापर्यंत येत नव्हतं. आता येतं. ऑफिसनेच शिकवलं. असं ज्ञान एकट्याकडे ठेवू नये म्हणून लिहितोय.

झालं असं, की रविवारी रात्री मी ४ जीबीची एक फाइल घरून ऑफिसच्या सर्व्हरवर चढवत होतो. सोमवारी सकाळी ती साहेबांना हवी होती. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि मी तिच्याकडे बघत बसलो होतो. बरोबर दोन तासांनी, पट्टी ९० टक्क्यांवर असताना, व्हीपीएनने (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची खासगी वाट) ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ मला बाहेर काढलं. पट्टी शून्यावर. मी ग्रुपवर लिहिलं, अपलोड होत नाहीये. आयटीकडून लगेच उत्तर आलं (रविवारी! रात्री! मी तिथेच सावध व्हायला हवं होतं): “सर, घरचा आणि ऑफिसचा, दोन्हीकडचे स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट पाठवा.” घरचा तेव्हाच पाठवला, ऑफिसचा सोमवारी सकाळी. घरी ८ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट), ऑफिसात ९४. निकाल: “तुमच्या घरचं नेट स्लो आहे. तुमच्या प्रोव्हायडरशी बोलून घ्या.” तिकीट, म्हणजे माझ्या तक्रारीची नोंद, बंद.

तर मंडळी, असा निकाल तुम्हालाही मिळवायचा असेल तर काय काय करायचं ते ऐका.

सगळ्यात आधी वेळ. घरचा स्पीड रात्री साडेनऊला मोजावा. त्या वेळी अख्खी इमारत कसली ना कसली मालिका बघत असते, घरातले दोन फोन अपडेट ओढत असतात आणि तिसरा दिवसभराचे फोटो वर पाठवत असतो. ऑफिसचा स्पीड मात्र सकाळी लवकर मोजावा. झाडूवाले मामा आणि तुम्ही, इतकीच माणसं हवीत. म्हणजे दोन्ही बाजूंना समान संधी मिळते.

मग जागा. ऑफिसात लॅन केबल लावून मोजा, घरी वायफायवर. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकवून ठेवा. लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जा आणि दार लावा. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवरच असू द्या, कारण शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच पट्ट्यात कोंबलेले असतात आणि मायक्रोवेव्हही तिथेच गुरगुरतो. ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसलं तरी त्याला हात लावू नका. उगाच स्पीड वाढायचा.

एमबी (मेगाबाइट, फाइलचं माप) आणि एमबीपीएस (मेगाबिट, वेगाचं माप) एकच समजा. १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला साडेबारा एमबीच उतरणार, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो. पण हे माहीत असलं की कस्टमर केअरवर तासभर ओरडता येत नाही.

पिंगकडे, म्हणजे समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो त्याकडे, बघूच नका. आकडा लहान असतो, कोणावर छाप पडत नाही.

अपलोडकडे तर त्याहून नको. टेस्टमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर येतो, तोवर आपण खिडकी बंद केलेली असते. घरच्या बऱ्याच लाइन्स पहिल्यापासूनच अशा आखल्यात, की खाली येणारा रस्ता रुंद आणि वर जाणारा बोळ. एडीएसएलच्या (फोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडच्या) नावातला पहिला ‘ए’ याच असमानतेचा. घरच्या माणसाने बघायचं, ऐकायचं, उतरवून घ्यायचं. त्याला पाठवण्यासारखं काय असणार, असा तेव्हाचा हिशेब. ऑफिसच्या लीज्ड लाइनला (फक्त ऑफिसपुरती भाड्याने घेतलेली) दोन्हीकडचा रस्ता सारखाच रुंद मिळतो. माझ्या घरी खाली १००, वर १०. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी ४ जीबीला त्रेपन्न-चौपन्न मिनिटं. हे मी मान्य करतो, माझ्या प्लॅनचा दोष माझा. पण मला लागले होते दोन तास, आणि तेही नव्वदच टक्क्यांना. म्हणजे मिळत होते जेमतेम ४.

उरलेले सहा कुठे गेले?

इथे येतो या शास्त्राचा गाभा. घरचा स्पीड मोजताना व्हीपीएन चालूच ठेवायचा. आमच्याकडे व्हीपीएन असा लावलाय, की तो एकदा जोडला की लॅपटॉपमधून निघणारं सगळं काही आधी ऑफिसात जातं, तिथल्या सर्व्हर रूममधल्या एका डब्यातून पार होतं, मग ऑफिसच्या लाइनने बाहेरच्या जगात जातं आणि आल्या वाटेने परत येतं. घरबसल्या उद्याचं हवामान बघायचं असलं तरी ऑफिसला वळसा घालूनच. अशा वेळी स्पीड टेस्ट लावली तर ती कोणाचा स्पीड मोजते? टेस्टच्या पानावर आकड्यांखाली बारीक अक्षरांत प्रोव्हायडरचं नाव येतं. माझ्या स्क्रीनशॉटवर तिथे माझ्या घरच्या कंपनीचं नाव नव्हतंच. ऑफिसच्या कंपनीचं होतं! म्हणजे आयटीने त्यांचाच डबा, त्यांचीच लाइन माझ्याकडून मोजून घेतली, ती ८ भरली, आणि मला सांगितलं की तुमच्या घरचं नेट स्लो आहे. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकून होतो. इथे नाचणारा त्यांचा आणि वाकडं अंगण माझं!

त्या नावाभोवती लाल गोल काढून मी स्क्रीनशॉट परत पाठवला. उत्तर आलं: “सर, राउटर रिस्टार्ट केला का?” केला. व्हीपीएन बंद करून, केबल लावून पुन्हा मोजलं. खाली ९६, वर १०. जितकं माझ्या प्लॅनमध्ये लिहिलंय जवळपास तितकं. तोही स्क्रीनशॉट पाठवला. त्यावरचं उत्तर मी फ्रेम करून लावणार आहे: “व्हीपीएन बंद ठेवून केलेली टेस्ट ग्राह्य धरता येत नाही सर. काम तर व्हीपीएनवरच चालतं ना?”

बरं, आता तो ऑफिसचा ९४. तुम्हाला तो आकडा निरागस वाटला ना? मलाही वाटला होता. मग तीनदा मोजला. ९४.१, ९४.३, ९४.२. गर्दी असलेली लाइन अशी खिळ्यावर ठोकल्यासारखी स्थिर राहत नाही. आणि साहेब तर दर मिटिंगला सांगतात, आपली ५०० ची लाइन आहे. हा ९४ ओळखीचा आकडा आहे: १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून डेटाच्या पुडक्यांची (पॅकेटांची) वेष्टणं वजा जाता हातात उरतं ते एवढंच. टेबलाखाली वाकलो. केबलच्या टोकाची क्लिप तुटलेली, आणि मधोमध खुर्चीच्या चाकाने ती चेपून पट्टी झालेली. आत आठ तारा, चार जोड्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी तार गेली की दोन्हीकडची यंत्रं बहुतेक वेळा निमूटपणे १०० वर उतरतात. तक्रार नाही, दिवा नाही, तिकीट नाही. तर निकाल असा, की घर ९६, ऑफिस ९४. माझं स्लो घर जिंकलं.

फाइलचं काय झालं? ती पेनड्राइव्हवर घेतली आणि खिशात घालून ऑफिसला आणली. घर ते ऑफिस चाळीस मिनिटं. हिशेब करा, ४ जीबी चाळीस मिनिटांत म्हणजे तेरा एमबीपीएसच्या वर. व्हीपीएनपेक्षा माझ्या पँटचा खिसा तिपटीने वेगवान निघाला. तिथे कळलं की यूएसबी पोर्ट सुरक्षेसाठी बंद आहेत. ते उघडायला वेगळं तिकीट. त्यात एक रकाना होता: ‘इंटरनेटवरून का पाठवली नाही?’

आता पुरे झाली थट्टा.

त्या रात्री मी लेकीला तिचा व्हिडिओ कॉल मध्येच बंद करायला लावला. “तुझ्यामुळे माझं अपलोड अडकलंय,” असं ओरडलो तिच्यावर. ती मुकाट्याने फोन ठेवून झोपायला गेली. आयटीवाल्यांनो, अडकलं होतं ते तुमच्या डब्यात. तो डबा घेतला तेव्हा घरून काम करणारे मोजके होते. आज अख्खं ऑफिस त्याच्यावर बसतं, आणि हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या लॉगमध्ये किती जण जोडलेत, त्याचा प्रोसेसर किती तापलाय, सगळं दिसतं. उघडून बघायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवायला तुम्ही माझे चार दिवस खाल्लेत, आणि वर माझ्याच घरात खोट काढलीत. स्पीड टेस्ट निदानासाठी असते, हात झटकायला नाही. आलेला स्क्रीनशॉट नीट वाचायचा तरी! नाव लिहिलेलं असतं त्यावर!

आणि साहेब, तुम्ही. “माझ्या घरी तर तीनशे येतात, तुमचंच असं कसं?” हे भर मिटिंगमध्ये विचारलंत. तुमचे तीनशे हे तुमच्या प्रोव्हायडरच्या सर्व्हरपर्यंतचे. टेस्ट बहुधा जवळचाच सर्व्हर निवडते, पुष्कळदा त्यांच्याच नेटवर्कमधला. ऑफिसच्या सर्व्हरवर तुम्ही घरून शेवटची फाइल कधी चढवलीत? तुम्हाला फाइल आम्ही पाठवतो. तुम्ही फक्त उघडता.

पोर्टचं तिकीट अजून ‘प्रक्रियेत’ आहे. केबलसाठी मी काल दुसरं टाकलं. त्यावर सकाळी उत्तर आलंय, स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट जोडा. नाही जोडणार. खाली वाका आणि बघा. डावीकडून तिसरं टेबल, खुर्चीच्या चाकाखाली.