पाच मॅचची वही : ‘जुना स्टॉपर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (तुम्ही ऐंशीच्या दशकात गावच्या टीमकडून खेळलो असं लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग मानू नका.)

तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री वाचली, लगेच उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं, कारण त्यात नुसता राग होता. आज पाऊस लागून राहिलाय, लाईट दोनदा गेली, आता शांतपणे लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात असं : मी २०२४-२५ चा इंडियन सुपर लीगचा सगळा सीझन माझ्या या वहीच्या पोस्टमधून एफसी गोवाचा बॅक (डिफेन्डर) संदेश झिंगन याच्या आरत्या ओवाळल्या, आणि २ एप्रिलला बेंगळुरूत सेमी-फायनलच्या पहिल्या लेगमध्ये (सेमी-फायनल दोन मॅचची, एक तिथे एक इथे, गोलांची बेरीज होते) बॉल त्याच्याकडूनच आपल्या गोलात गेला, म्हणजे ओन गोल झाला, तेव्हा मी गप्प बसलो. टॅकल किती, क्लिअरन्स किती याचा एक आकडा माझ्या लिखाणात नाही. आणि चंदीगडच्या माणसावर एवढी शाई सांडताना गोंयच्या पोरांवर किती लिहिलं? शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘तुझी वही म्हणजे प्रेमपत्र.’ हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं तर ती इतकी हसली की शेजारणीने खिडकीतून विचारलं काय झालं.

गप्प बसण्याचं आधी बोलतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. म्हणजे सोमवारी पुसून टाकलेल्या उत्तरात मी एक फार छान कारण तयार केलं होतं, ते असं की मी फक्त डोळ्यांनी बघितलेलं लिहितो, टीव्हीवरचं नाही. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो. गोवा अटॅक करत असतं तेव्हा सेंटर बॅक स्क्रीनवर नसतोच, तो तिकडे हाफलाइनच्या आसपास उभा राहून काय करतोय, समोरच्या स्ट्रायकरपासून किती हातावर आहे, मागे वळून बघतोय का, काही कळत नाही. बॉल गेला, काउंटर सुटला, की कॅमेरा गर्रकन वळतो आणि तेव्हा तुम्हाला बॅक पहिल्यांदा दिसतो, तोपर्यंत तो पळायला लागलेला असतो आणि अर्धी गोष्ट होऊन गेलेली असते. म्हणजे टीव्हीवाल्याला डिफेन्डर दिसतो तोच मुळी अडचणीत सापडल्यावर. हे सगळं खरं आहे, अजूनही माझं तेच मत आहे. पण मग मी जुन्या पोस्ट उघडून बघितल्या आणि माझी मलाच लाज वाटली. बाहेरच्या मॅच मी टीव्हीवर बघूनच लिहिल्यात की! ‘काय उभा होता, काय लाइन धरली’ वगैरे. स्तुती करताना कॅमेरा कुठे आड आला नाही, ओन गोलच्या रात्रीच नेमका आला.

मग हिशेब करायला बसलो. लीगमध्ये १३ टीम, म्हणजे प्रत्येकाच्या २४ मॅच, त्यातल्या १२ घरच्या. फातोर्ड्यात, म्हणजे मडगावच्या आपल्या घरच्या स्टेडियमवर, मी बसतो गोलच्या मागे, दर वेळी त्याच बाजूला, फोंड्याहून बोरीच्या पुलावरून स्कूटरने जाऊन तीच जागा धरायची ही आता सवय झालीय. पण हाफटाइमला टीम बाजू बदलतात, त्यामुळे झिंगन माझ्या समोर डिफेन्ड करतो फक्त एक हाफ. दुसऱ्या हाफमध्ये तो मैदानाच्या त्या टोकाला, तिथला फक्त केसांचा बुचडा आणि वर गेलेला हात दिसतो. बारा मॅचचे बारा हाफ, त्यातल्या दोन मॅच चुकल्या (एक मामेबहिणीचं लग्न, एक ताप), उरले दहा. दहा हाफ म्हणजे ४५० मिनिटं. म्हणजे अख्ख्या पाच मॅच, काका. माझ्याकडे माल पाच मॅचचा आणि मी दुकान मांडलं चोवीस मॅचचं. आणि झिंगन प्रत्येक मॅचला आत होता असंही नाही, म्हणजे पाच पण जास्तच धरल्या. तुम्ही ‘प्रेमपत्र’ म्हणालात त्यापेक्षा हे वाईट आहे, प्रेमपत्रात निदान माणूस भेटलेला तरी असतो.

आता आकड्यांचं. इथे मी ऐकणार नाही.

तुम्ही स्टॉपर, म्हणजे मधले बॅक, होता म्हणून तुम्हालाच एक विचारतो. आमच्या मळ्यात पावसाळ्यात मॅच व्हायच्या, शेताच्या कडेला, चिखल म्हणजे घोट्यापर्यंत. मी आणि माझा एक मित्र असे दोघे बॅक. मॅच संपली की माझा शर्ट असा व्हायचा की आई दारातच थांबवायची, विहिरीवर जा म्हणायची. सारख्या स्लायडिंग मारायचो, लोक टाळ्या वाजवायचे, ‘धर ताका’ म्हणून ओरडायचे, मला वाटायचं आपण म्हणजे डेम्पोत (गोव्याचा मोठा क्लब) गेलोच. माझ्या मित्राचा शर्ट मॅच संपली तरी कोरडा. त्याला कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. पुष्कळ वर्षांनी, गुडघा गेल्यावर आणि खेळणं सुटल्यावर बाहेर बसून बघायला लागलो तेव्हा डोक्यात उजेड पडला की खरा बॅक तो होता. बॉल यायच्या आधीच तो तिथे असायचा, त्यामुळे पडायची गरजच नव्हती, आणि मी पडायचो कारण मी दर वेळी दोन पावलं उशिरा. आता तुमच्या आकड्यांच्या वहीत टॅकल कुणाच्या नावावर जास्त लागले असते? माझ्या.

आणि गोव्यासारख्या टीमला तर हे आणखीच लागू. मानोलो मार्केझची टीम बॉल स्वतःकडे ठेवणारी (माणूस त्याच वर्षी भारताच्या टीमचा पण कोच होता, एका म्यानात दोन तलवारी, पण तो विषय वेगळा). बॉल आपल्याकडे असला की बॅकला टॅकल करायला मिळणार तरी किती? त्याचं काम तेव्हा पुढची काउंटर कुठून सुटणार ते बघून ठेवणं. म्हणून माझ्या वहीत आकडे नाहीत, तिथे खुणा आहेत. बॉल समोरच्या कॉर्नरजवळ असताना झिंगनने मान वळवून पाठीमागे बघितलं की एक खूण. त्याचा जोडीदार बॅक ओडेई ओनाइन्डिया पुढे गेला आणि याने लगेच मधली जागा भरली की एक खूण. हात दाखवून फुलबॅकला आत खेचलं की एक. आता तुम्ही म्हणाल खुणा मोजल्या की त्याचेच आकडे होतात, तर हो, होतात, पण मी त्यांची बेरीज करत नाही कारण एका टोकाच्या एका हाफच्या बेरजेला काय अर्थ.

तोच का, असं पण विचारलंय. खरं कारण सांगू? लांबून ओळखू येतो. केस बांधलेले, दाढी, आणि नव्वद मिनिटं हात हलवत काहीतरी सांगत असतो. ज्याला गोलच्या मागून एकच माणूस धरून बघायचाय त्याला असा माणूस सोयीचा. दुसरं कारण दुखापतीचं. जानेवारी २०२४ मध्ये एशियन कपला सिरियाविरुद्ध त्याला लागलं, आपला तो सीझन तिथेच संपला त्याच्यापुरता, आणि भारताकडून परत उतरला तो थेट नोव्हेंबरात, मलेशियाविरुद्ध हैदराबादला. इतके महिने बाहेर राहिलेला बॅक परत आल्यावर काय बदलतं ते मला बघायचं होतं, स्वतःचा गुडघा असा असल्यामुळे असेल. मला वाटलं होतं तो घाबरून खेळेल. माझ्या समोरच्या हाफमध्ये तरी मला उलटं दिसलं, तो आधीपेक्षा जास्त बोलतो आणि कमी पळतो, आणि हे मी कौतुक म्हणूनच लिहितोय.

तो नसताना काय झालं तेही मी बघितलंय म्हणा. २४ एप्रिल २०२४, मुंबई सिटी, सेमी-फायनल, फातोर्डा. २-० ने पुढे. नव्वदाव्या मिनिटापर्यंत. माझ्या बाजूचा एक म्हातारा पात्रांव निघून गेला होता, ट्रॅफिकच्या आधी घरी पोचतो म्हणाला, त्याला बिचाऱ्याला घरी गेल्यावर कळलं असेल की आपण २-३ ने हरलो. तीन गोल, नव्वदाव्या मिनिटापासून पुढे. त्या रात्री मी लिहिलं होतं, ‘झिंगन असता तर हे झालं नसतं.’ लोकांना ते फार आवडलं, मलाही आवडलं होतं. आज वाचताना ते वाक्य फालतू वाटतं. नसलेल्या माणसाची चूक कधी होत नाही, त्यामुळे तो बाहेर बसला की आपोआप मोठा होतो. तुम्ही यावर का नाही पकडलंत मला, हे तर ओन गोलच्या गप्प बसण्यापेक्षा सोपं होतं.

तर तो ओन गोल. ४२वं मिनिट. मी मेव्हण्याच्या घरी बघत होतो. रिप्ले लागला तेव्हा मी पाणी प्यायला उठलो, खरं सांगतो, तहान नव्हती. नंतर बेंगळुरूच्या एडगर मेंडेझने दुसरा घातला, २-०. ओन गोलबद्दल एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या पोरांना नसेल म्हणून लिहितो. बॅक जेव्हा स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळत असतो आणि बाजूने क्रॉस येतो, कीपर आणि बॅकलाइनच्या मधल्या पट्टीत, तेव्हा त्याच्याकडे दोनच रस्ते असतात. सोडला तर मागे कुणीतरी स्ट्रायकर टपून बसलेला, नुसता पाय लावायचा. लावला तर बॉल जाईल तिकडे जाईल. म्हणून ओन गोल बहुतेक वेळा त्याच बॅकच्या नावावर पडतात जो तिथपर्यंत पोचलेला असतो, जो पोचलाच नाही त्याच्या नावावर काहीच लागत नाही. हे मी झिंगनला सोडवायला सांगत नाहीये. पाय कसा लावायचा, शरीर कुठे वळवायचं, त्यात चूक असतेच, आणि सेमी-फायनलची चूक महाग पडते. मला तेव्हा लिहायला हवं होतं की गोल त्याचा, आणि ती दोन गोलांची पिछाडी अर्धी त्याची. नाही लिहिलं. आता लिहिलं.

६ एप्रिलला फातोर्ड्यात मी होतो, ते मात्र सांगण्यासारखं आहे. बोर्हा हेरेराने ४९व्या मिनिटाला एक मारला, मग चाळीस मिनिटं सगळं स्टेडियम उभं, माझ्या पुढचा पोरगा तर भजी हातात धरून तशीच थंड करत बसलेला, आणि ८८व्या मिनिटाला सादिकूने बरोबरी केली, एकूण २-२. कोण कुणाला मिठी मारतंय काही पत्ता नाही. मी वही खिशात घातली, एक्स्ट्रा टाइममध्ये काढू म्हटलं. आणि ९२व्या मिनिटाला बेंगळुरूच्या सुनील छेत्रीचा हेडर, एकूण २-३. चाळीस वर्षांचा माणूस. सगळीकडे अशी शांतता पडली की बेंगळुरूच्या खेळाडूंचं ओरडणं स्टँडपर्यंत आलं. त्या पानावर माझ्याकडे पहिल्या हाफच्या खुणा आहेत आणि त्याखाली नुसती तारीख. कोण कुणाला धरून होतं, कुणी सोडला, मला माहीत असायला हवं होतं, कारण तेवढ्यासाठीच तर मी जातो. पण ८८व्या मिनिटापासून मी बॅकला बघतच नव्हतो, सगळ्यांसारखा बॉल बघत होतो. यावर तुम्ही कितीही शिव्या घाला.

लीगमध्ये दुसरा नंबर, ४८ पॉइंट, मोहन बागानच्या खाली. मग मे महिन्यात भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप आणला, ते लोक विसरतात. तुम्ही पण तुमच्या प्रतिक्रियेत विसरलात, उगाच आठवण करून देतोय.

गोंयच्या पोरांचं. बरोबर, कमी लिहिलं. ब्रायसन फर्नांडिसला लीगचं उदयोन्मुख खेळाडूचं बक्षीस मिळालं आणि मी दोन ओळी लिहिल्या. पण ‘बाहेरचा’ हा शब्द मला पटत नाही. मी लहान असताना डेम्पोचे महेश गवळी आणि समीर नाईक बघून बॅक व्हायचं ठरवलं, आणि तेव्हा आम्ही घरचा-बाहेरचा असं मोजलं नाही, डेम्पोत देशभरचे आणि परदेशचे खेळाडू होते आणि ट्रॉफी आली की पणजी सगळ्यांसाठी नाचायची. गवळीवर वेगळं लिहायचंय, बऱ्याच दिवसांपासून. पण त्याच्या आधीच्या बॅकसाठी तुमच्या पिढीच्या आठवणी लागतील, ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये उभा असताना त्याच्या पुढे खेळणाऱ्या बॅकना काय वाटायचं हे मला तुमच्यासारख्यांकडूनच ऐकायचंय. लिहून पाठवाल का? रागाने लिहिलेलं पण चालेल.

बाकी सध्या (हे २०२५ च्या पावसाळ्यात लिहितोय) नवी लीग कधी सुरू होणार कुणालाच ठाऊक नाही, फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार अडकलाय, आणि आम्ही इथे ओन गोलवर भांडतोय. पण १३ ऑगस्टला ओमानची अल सीब फातोर्ड्यात येतेय, एशियाच्या स्पर्धेत जायचं असेल तर ती मॅच जिंकावी लागेल. मी नेहमीच्या जागी आहे. तुम्ही समोरच्या टोकाला, त्या गोलच्या मागे तिकीट काढा. तुमच्या बाजूचा हाफ तुम्ही बघा, माझ्या बाजूचा मी, हाफटाइमला रस-ऑम्लेट माझ्याकडून, आणि मॅच संपल्यावर दोन्ही कागद एकाच पोस्टमध्ये टाकू, एक अक्षर न बदलता. पाऊस असणारच आहे, झिंगनचा शर्ट कोरडा राहतो का तेवढं बघून ठेवा.