‘अहो’ म्हणायला वेळ लागत नाही

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. चुलतभावाने लिहिलं, ‘सरकारी ओपीडीत शेकड्यांनी पेशंट येतात, तिथे नीट बोलायला वेळ कुणाला? इलाज होतो ना, मग झालं.’ त्याला लगेच चौघांचे अंगठे. इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, कामावरून परतताना बसमध्ये मी ते वाचलं. अजून डोक्यातून जात नाही.

‘ए म्हातारे, सरक’ आणि ‘आजी, सरका’ यांत किती सेकंदांचा फरक आहे? मराठीने मान द्यायची सोय क्रियापदातच करून ठेवलीय. आपण मात्र तो कपडे बघून देतो. एकाच खिडकीवर इस्त्रीच्या शर्टाला ‘या सर’ आणि नऊवारीला ‘ए बाई’.

इंग्रजीत ‘अहो’ नाही, तरी इथे धडपड चालते. केट ग्रेंजर ही डॉक्टर, स्वतःच कॅन्सरने आजारी. २०१३ मध्ये हॉस्पिटलात पडल्या पडल्या तिच्या लक्षात आलं, की खाटेशी येणारे कित्येक जण आपलं नावही सांगत नाहीत. तिने ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये ती गेली, अवघ्या ३४व्या वर्षी. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नर्सने आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग विचारलं, तुम्हाला काय हाक मारू? उशाच्या फळ्यावर ते लिहिलंही. स्पेलिंग चुकलं, पण विचारलं. कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर रात्र काढणारे म्हातारे इथेही आहेत, ते मी नाकारत नाही.

भाऊ म्हणतो, ‘तिकडची थेरं इकडे नकोत.’ तिकडची कशी? आपल्याच राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८च्या रुग्णहक्क सनदेत मानवी प्रतिष्ठेचा हक्क लिहिलाय. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर बाईजवळ दुसरी बाई हवी, हेसुद्धा.

त्याचा शेवटचा मेसेज मात्र जिव्हारी लागला. ‘काकू अ‍ॅडमिट होती तेव्हा तू कुठे होतीस?’

सांगलीला पोचायला मला तीन दिवस लागले. तोवर वॉर्डातल्या मावशींनी आईची वेणी घातली होती. ‘आई, जरा कुशीवर होता का?’ म्हणत त्या चादर बदलत होत्या. पुढचे चार दिवस मीही त्यांना नुसतं ‘मावशी’ म्हणत राहिले. निघताना हातात पाचशेची नोट ठेवली. नाव विचारलं नाही.