चंदीगड एकट्या ल कॉर्बुझिएचं नाही
चंदीगड फिरायला जाणाऱ्यांना एक मेसेज येतोय की अख्खं शहर ल कॉर्बुझिए या स्विस-फ्रेंच आर्किटेक्टने एकट्याने केलं, रॉक गार्डनसकट. तसं नाहीये हो! पहिला प्लॅन अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकीचा, १९५० मधे नोविकी विमान अपघातात गेला आणि त्यानंतर कॉर्बुझिए आला, कॅपिटॉल कॉम्प्लेक्स (विधानसभा, सचिवालय, हायकोर्टाच्या इमारती) त्याचंच, पण घरं, शाळा वगैरे बरंचसं काम पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि आपल्या भारतीय आर्किटेक्ट्सनी केलंय. जानरे तर १९६५ पर्यंत तिथेच राहिला, त्याचं पाण्यात उभं असलेलं गांधी भवन नक्की बघा. आणि रॉक गार्डन नेकचंद सैनींचं, फुटक्या बांगड्या, कपबशा, टाइल्सचे तुकडे लावून केलेल्या त्या मूर्ती जवळ जाऊन बघाच, त्यांचं श्रेय दुसऱ्याला दिलेलं मला खरंच सहन होत नाही.