"गाला डिनर कम्पल्सरी आहे, मॅडम"

आज सकाळी साडेअकराला एका हॉटेलवाल्याने माझा दिवस नासवला, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. कुकर लावून बसा.

झालं असं की यंदा पंचवीस डिसेंबर शुक्रवारी आलाय. शुक्र, शनि, रवि, आयती सुट्टी. मावस-चुलत मिळून आम्ही चार कुटुंबं, नऊ मोठी माणसं आणि पाच पोरं. ऑगस्टपासून ग्रुपवर 'गोवा गोवा' चाललंय. बुकिंगचं काम माझ्या गळ्यात. पणजीजवळचं एक हॉटेल सगळ्यांना पसंत पडलं (नाव सांगणार नाही, इनबॉक्सात विचारू नका). खोल्यांचे भाव ऐकून गप्प गिळले. विमानाचे भाव ऐकून गाड्या काढायचं ठरवलं. गुरुवारी चोवीसला संध्याकाळी पोचायचं. आज ॲडव्हान्स भरायला फोन केला, तर पलीकडचा मुलगा मधाळ आवाजात म्हणतो, "चोवीसला गाला डिनर कम्पल्सरी आहे, मॅडम."

कम्पल्सरी म्हणजे काय रे बाबा? नाही जेवलो तर?

"तरी चार्ज लागेल, मॅडम. साडेसहा हजार पर पर्सन, प्लस जीएसटी. किड्स हाफ."

मी म्हटलं, आमच्यात चार जण शाकाहारी आहेत. आणि वहिनीचा त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार, ती दिवसभर उपाशी. ती साडेसहा हजारांचं काय खाणार?

"व्हेज सेम रेट, मॅडम."

चौऱ्याहत्तर हजार सातशे पन्नास! वर कर. पाऊण लाखाचं एक जेवण, तेही सक्तीचं. आपल्याकडे श्राद्धाच्या जेवणालाही माणूस 'आज जमणार नाही' म्हणू शकतो हो. मी फोन ठेवला, दोन मिनिटं स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले, आणि मला तो केक आठवला.

तो केक म्हणजे १९९१ चा. बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात होते. त्यांच्या सेक्शनला एक अंकल होते, घर मुंबईत, माझगावच्या म्हातारपाखाडीत. नाताळला ते घरी जायचे आणि दरवर्षी बाबांना म्हणायचे, एकदा पोरांना घेऊन या. त्या वर्षी बाबा हो म्हणाले. आईने पंचवटी एक्स्प्रेसमध्ये कसाऱ्यापासून दादरपर्यंत इंग्रजी वाक्यं पाठ केली होती. हॅपी ख्रिसमस. थँक यू फॉर इन्व्हायटिंग. लाकडी जिन्याचं दुमजली घर, दाराशी कागदी चांदणी टांगलेली, आणि दारात आन्टी म्हणाल्या, "ये गो बाय, दमली असशील." आईची सगळी वाक्यं फुकट गेली. आतून अंकलची आई आली ती लुगडं नेसून. आमच्या आजीसारखंच.

तर केक. आई अंडं खात नाही हे अंकलनी आधीच सांगितलेलं. म्हणून आन्टीने आयुष्यात पहिल्यांदा बिनअंड्याचा केक केला होता, खास आईसाठी, वेगळ्या भांड्यात. तो सुरीने कापेना. बाबांनी जोर लावला, तर सुरी वाकली. अंकलनी 'मी बघतो' म्हणून पाहिलं. शेवटी त्या आजी उठल्या आणि कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढून समोर ठेवला! सुपारीसारखे तुकडे पाडून, चहात बुडवून खाल्ला आम्ही तो. आन्टी हसून हसून रडायला लागली. आई म्हणाली, "छान झालाय." ती खोटं बोलतेय हे नऊ वर्षांच्या मलाही कळत होतं.

तर मी ग्रुपवर टाकलं, गोवा कॅन्सल करू, दोन रात्री मुंबईला जाऊ. त्यावर आलेली उत्तरं वाचा.

एक: "मुंबईत काय आहे नाताळला?"

दोन: "मुंबई काय, कामाला जातोच की."

तीन, ज्याने माझं डोकं फिरलं: "पण तो त्यांचा सण ना. आपण तिथे जाऊन काय करणार?"

अरे? तीन महिने गोव्याला जायला नाचत होतात तेव्हा कुणाचा सण होता? समुद्र, डीजे आणि सक्तीचं जेवण असलं की 'सगळ्यांचा', आणि गल्लीतून पायी फिरायचं म्हटलं की 'त्यांचा'? आणि हे 'ते' म्हणजे कोण? मुंबई, ठाणे, वसईचे हे ख्रिस्ती इथलेच, घरात मराठीच बोलणारे. स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं, गोवा-मंगळूरहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे हे कळावं म्हणून. नाव इंग्रजी, माणसं आगरी-कोळ्यांइतकीच इथली. ज्या म्हातारपाखाडीत आम्ही तो केक फोडला, तिथले काका बॅप्टिस्टा लोकमान्यांच्या खांद्याला खांदा लावून होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, १९१६ साली. पुढे मुंबईचे महापौर. शाळेत आपण टिळक घोकले, काका वगळले. आणि 'नाताळ' हा शब्द तरी कुणाचा? पोर्तुगीजांचा. चारशे वर्षं तोंडात आहे आपल्या.

आम्ही नाशिकचे तर बोलूच नये. एखाद्या बाईचा आवाज मोठा असला की आपण म्हणतो, नारोशंकराची घंटा. ती घंटा मुळात कुठली आहे? वसईच्या चर्चमधली. चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली, घंटा गोदाकाठी आली आणि आपल्या म्हणीत जाऊन बसली. बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत निम्मं नाशिकरोड जातं, तेव्हा कुणी विचारत नाही कुणाचा सण.

बरं. पाणी प्यायले. आता शांतपणे लिहिते.

माझा प्लॅन सांगते, कुणाला उपयोगी पडला तर घ्या. चोवीसला सकाळची पंचवटी धरायची, अकराच्या आत सीएसएमटी. तिथून चालत हॉर्निमन सर्कलपाशी सेंट थॉमस कथीड्रल. १७१८ सालचं आहे. जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट जायची तो चर्चगेट, त्यावरून स्टेशनचं नाव. रोज लाखभर लोक 'चर्चगेट फास्ट' म्हणतात, चर्च कुठलं ते कुणी विचारत नाही. मग हुतात्मा चौकातून भुयारी मेट्रोने तीन स्टेशनं, गिरगाव. वहिनीच्या उपासाला तिथे साबुदाणा वडा मिळेल, तो साडेसहा हजारांना नसतो. मागे खोताची वाडी, जुनी ख्रिस्ती वस्ती. जेमतेम दोन माणसं जातील एवढ्या गल्ल्या, बाहेरून जिने, रंगीत कठडे. घरं निम्म्याहून कमी उरलीत, अधूनमधून एखादं जातं आणि तिथे टॉवर येतो.

संध्याकाळी डॉकयार्ड रोडला उतरून म्हातारपाखाडी. टेकडीवर काका बॅप्टिस्टांच्या नावाचं उद्यान आहे, तिथून गोदीतली जहाजं दिसतात. 'मिडनाइट मास' मध्यरात्रीच असते असं समजून जागत बसू नका. बऱ्याच चर्चमध्ये मिस्सा संध्याकाळीच होते, आधी चौकशी करा. मागे उभं राहा, मोबाइल खिशात ठेवा, पोरांना चॉकलेट देऊन गप्प बसवा.

पंचवीसला वांद्रे. सेंट अँड्र्यू १५७५ सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्याही आधीचं. मग पायऱ्या चढून मोतमाउली, म्हणजे माउंट मेरी. तिथे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात, ज्याचा जो नवस त्याचं ते. पंढरपूर-तुळजापूरवाल्यांना यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

मान्य, वांद्र्याला त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते. मान्य, मुंबईतली हॉटेलं धर्मादाय नाहीत. आम्ही दोन रात्री डोंबिवलीच्या काकूकडे गाद्या टाकणार आहोत, सगळ्यांना काकू नसते हेही मान्य. आणि गोव्यालाही घराघरात नाताळ असतोच, माझं भांडण गोव्याशी नाही. आपण तिथे जाऊन ज्या आवारात कोंडून घेतो, त्याच्याशी आहे.

पण एक बजावते. या वाड्या म्हणजे सेल्फी पॉइंट नाहीत. मागे एका पोरीला मी कुणाच्या तरी ओट्यावर चढून, त्यांच्या झोपाळ्यावर बसून फोटो काढताना पाहिलंय. घरातली म्हातारी दारात उभी, हातात ताट. काय बोलणार ती? गणपतीत आपल्या दिवाणखान्यात कुणी असं घुसलं असतं तर? जायचं तर पाहुण्यासारखं जायचं. १९९१ ला आमच्याकडून कुणी पैसे मागितले नव्हते, आणि 'व्हेज सेम रेट'ही नव्हतं. व्हेजला जास्त मेहनत होती. ती बाई आदल्या रात्री बारापर्यंत त्या दगडाशी झटत होती, असं अंकलनी नंतर बाबांना सांगितलं.

एवढं लिहून झाल्यावर राहवेना, आईला फोन केला. म्हटलं, आठवतो का गं तो केक? एक मिनिट नुसती हसत होती. मग म्हणाली, "अगं, मी 'छान झालाय' म्हटलं ना, तर पुढची सहा वर्षं तिने तोच पाठवला. दर नाताळला, बाबांच्या डब्यात. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही हसला असता. मी खलबत्त्यात कुटून दुधात घालायचे."

सहा वर्षं! आणि आम्ही पोरं ते 'दुधातलं पौष्टिक' म्हणून पीत होतो.

अंकल गेले, बाबा गेले. आन्टींचं काय, आईला माहीत नाही. जुन्या डायरीत नंबर सापडला, सात आकडी. पुढे दोन लावून फिरवला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं ती रेकॉर्डवरची बाई म्हणाली, दोनदा. घर उभं आहे की पडलं, तेही ठाऊक नाही. पस्तीस वर्षांत मुंबईला शंभर वेळा गेले असेन मी. कामाला, लग्नांना, व्हिसाला. डॉकयार्ड रोडला एकदाही उतरले नाही. हॉटेलवाल्याला शिव्या घालायला मला बरं सुचलं.

आई म्हणाली, मीही येते. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दोन्ही गेलेले. म्हटलं, जिने आहेत गं तिथे. तर म्हणे, "माहितीय मला. करंज्या करून नेऊ. त्यांच्यात नेवऱ्या म्हणतात, सारणच काय ते जरा वेगळं. ती नसली तर गल्लीत कुणीतरी असेलच की."

म्हणजे आता पंधरा तिकिटं. साठ दिवस आधी बुकिंग उघडतं, म्हणजे पंचवीस ऑक्टोबर, रविवार, सकाळी आठ. त्या दिवशी आठ ते सव्वाआठ मला कुणीही फोन करायचा नाही. आणि ज्या भावाने 'त्यांचा सण' लिहिलं होतं त्याचा आत्ताच मेसेज आलाय, "ताई, विंडो सीट बघ."