सबनेटचा हिशेब पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून होत नाही

नेटवर्किंग शिकणाऱ्या आणि नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये सबनेटिंगचे, म्हणजे एका नेटवर्कचे लहान भाग (सबनेट) पाडण्याचे, काही ‘सोपे नियम’ वर्षानुवर्षे फिरत आहेत. त्यांचा आशय असा: यंत्राच्या आयपी पत्त्याचा पहिला आकडा पाहून वर्ग ओळखा, म्हणजे मास्क (पत्त्यातले किती बिट नेटवर्कचे हे सांगणारा आकडा) आपोआप कळतो, जितके सबनेट पडतील त्यांतून २ वजा करा, कारण पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही, प्रत्येक सबनेटमधल्या पत्त्यांतूनही २ वजा करा, ० किंवा २५५ ने संपणारा पत्ता कोणत्याही यंत्राला देऊ नका, आणि आयपीव्ही ६ ही पत्त्यांची नवी पद्धत आल्यावर हे सगळे विसरून जा. यांपैकी पत्त्यांतून २ वजा करण्याचा नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो. बाकीचे नियम एक तर कधीकाळी खरे होते, किंवा कधीच खरे नव्हते.

पहिला नियम सर्वांत जुना आणि सर्वांत उपद्रवी आहे. १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम नोंदवणारे दस्तऐवज) ए, बी आणि सी असे वर्ग होते आणि पत्त्याच्या सुरुवातीच्या बिटांवरून नेटवर्कचा भाग ८, १६ की २४ बिटांचा हे ठरत असे. त्यामुळे सी वर्गात २५४ यंत्रे मावत आणि बी वर्गात एकदम ६५,५३४. पाचशे यंत्रे असलेल्या संस्थेला नेमके बसेल असे मधले माप नव्हते. १९८५ च्या आरएफसी ९५० ने सबनेट मास्क प्रमाणित केला आणि १९९३ मध्ये सीआयडीआर ही वर्गांशिवाय पत्ते वाटण्याची पद्धत आल्यावर वर्गांची पद्धतच मोडीत निघाली. आज हा नियम घोकणाऱ्या बहुतेक मुलांच्या जन्माआधीच तो बाद झाला होता. तेव्हापासून पत्ता एकटा काहीच सांगत नाही; सोबत मास्क किंवा तिरप्या रेघेनंतरची बिटांची संख्या असेल तरच नेटवर्क कोठे संपते आणि यंत्र कोठे सुरू होते हे कळते.

१७२.१६.४५.७७/२० हा पत्ता घ्या. वर्गाच्या नियमाने नेटवर्क १७२.१६.०.० ठरेल आणि त्यात ६५,५३४ यंत्रे मावतील. प्रत्यक्षात २० म्हणजे ८, ८ आणि ४ बिट. तिसऱ्या आकड्यातले पहिले चार बिट नेटवर्कचे, म्हणून तेथे मास्क १२८, ६४, ३२ आणि १६ यांची बेरीज, म्हणजे २४०. २५६ मधून २४० वजा केल्यावर १६ उरतात, तेव्हा तिसऱ्या आकड्यात सबनेट सोळासोळाच्या टप्प्यांनी पडतात: ०, १६, ३२, ४८. आपला ४५ हा ३२ आणि ४८ यांच्या मध्ये आहे, म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट (सबनेटमधल्या सर्वांना एकदम संदेश पाठवण्याचा पत्ता) १७२.१६.४७.२५५ आणि वापरण्याजोगे पत्ते ४,०९४. एवढ्या आकडेमोडीला कागदही लागत नाही, मग ती टाळण्यासाठी चुकीचा नियम कशाला पाठ करायचा?

‘मास्क थोडा चुकला तरी नेट चालतेच की’ असेही या वर्गाच्या नियमाच्या समर्थनार्थ ऐकू येते, आणि गंमत म्हणजे ते अर्धे खरे आहे. समजा, १९२.१६८.१०.७० हे यंत्र /२६ च्या सबनेटमध्ये आहे, म्हणजे त्याची हद्द ६४ ते १२७ पर्यंत आहे. पण ‘१९२ म्हणजे सी वर्ग’ असे धरून कोणी त्यावर २५५.२५५.२५५.० हा मास्क घातला. बाहेरची संकेतस्थळे उघडतील, कारण ते पत्ते कोणत्याही हिशेबाने परकेच असल्याने यंत्र ते गेटवेकडे, म्हणजे सबनेटबाहेर नेणाऱ्या राउटरकडे, सोपवते. मात्र शेजारच्या सबनेटमधला १९२.१६८.१०.१३० या पत्त्यावरचा प्रिंटर त्याला आपल्याच हद्दीतला वाटतो, म्हणून ते गेटवेला न विचारता थेट एआरपीची हाक देते, म्हणजे हा पत्ता कोणाचा असे आपल्या सबनेटमध्ये सर्वांना विचारते. ती हाक राउटर पलीकडे नेत नाही आणि प्रिंटर ‘बंद’ दिसतो. राउटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने उत्तर देण्याची सोय) चालू असेल तर राउटर स्वतःच त्या हाकेला ओ देतो आणि सगळे सुरळीत वाटते. मग एके दिवशी राउटर बदलला जातो आणि जुनी चूक नव्या राउटरच्या माथी मारली जाते.

पहिला आणि शेवटचा सबनेट सोडून देण्यामागे एके काळी कारण होते. १९२.१६८.१०.० एवढेच लिहिले तर तो अख्खा /२४ की त्याचा पहिला /२६ हे कळत नाही, आणि राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या आरआयपी या पद्धतीची पहिली आवृत्ती मार्ग कळवताना मास्क कळवतच नसे. मार्गासोबत मास्क जाऊ लागल्यावर हा संदेह मिटला, आणि १९९५ च्या आरएफसी १८७८ ने ही प्रथा कालबाह्य असल्याचे स्पष्ट लिहिले. तरीही नियम पाळायचाच म्हटले तर /२४ चे चार /२६ केल्यावर दोनच हाती लागतात, म्हणजे निम्मे पत्ते वाया. आणि दोन /२५ केले तर दोनातून दोन वजा जाऊन एकही उरत नाही.

पत्त्यांतून २ वजा करण्याबद्दल फारसा वाद नाही, कारण नेटवर्कचा आणि ब्रॉडकास्टचा पत्ता बाजूला काढावाच लागतो. अपवाद मात्र ठाऊक हवेत. दोन राउटरांना थेट जोडणाऱ्या दुव्यासाठी २००० च्या आरएफसी ३०२१ ने /३१ मान्य केला आहे आणि त्यातले दोन्ही पत्ते वापरता येतात. उलट ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये प्रत्येक सबनेटमधले ५ पत्ते राखीव असतात, त्यामुळे तेथे /२८ घेतला तर १४ ऐवजी ११ च पत्ते मिळतात.

० आणि २५५ चा नियम थोडक्यात निकाली निघतो. १०.०.०.०/२३ मध्ये १०.०.०.२५५ आणि १०.०.१.० हे दोन्ही यंत्राला देण्याजोगे पत्ते आहेत, दुसरीकडे १९२.१६८.१०.०/२६ मध्ये ६३ ने संपणारा निरुपद्रवी दिसणारा पत्ता ब्रॉडकास्टचा आहे. काही जुनी उपकरणे असे पत्ते नाकारतात म्हणून कोणी ते टाळत असेल तर ती खबरदारी झाली. तिला सबनेटिंगचा नियम म्हणता येणार नाही.

राहिला आयपीव्ही ६. आयपीव्ही ४ च्या केंद्रीय साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, तरी जुने पत्ते अजून सर्वत्र चालू आहेत आणि टंचाईमुळे त्यांचा हिशेब अधिकच काटेकोर झाला आहे. नव्या पद्धतीत यंत्रे मोजण्याची गरज संपते, कारण साधारणपणे प्रत्येक सबनेट /६४ चा असतो. सबनेट पाडण्याचे काम मात्र संपत नाही. एखाद्या संस्थेला /४८ मिळाला तर मधले १६ बिट, म्हणजे ६५,५३६ सबनेट, तिच्या हाती येतात. हे बिट सोळांच्या पद्धतीत (हेक्साडेसिमल, प्रत्येक अंक चार बिटांचा) चार अंकांनी लिहिले जातात, त्यामुळे पहिला अंक शहराला, दुसरा इमारतीला, तिसरा मजल्याला आणि चौथा विभागाला अशी वाटणी करता येते. मात्र कोणी /५६ ऐवजी /५८ वर वाटणी केली की हद्द एका अंकाच्या मध्येच पडते, आणि ती कोठे पडली हे शोधायला पुन्हा बिटच मोजावे लागतात.