कृपया वैध नाव भरा

ज्या पतसंस्थेच्या विंडोज प्रणालीची देखभाल माझ्या गळ्यात पडली आहे, तिच्या सभासद-नोंदणीच्या फॉर्मवर एकही चौकट अशी नाही की जिच्यावर रेग्युलर एक्स्प्रेशनचा पहारा नाही. हा पहारा बसवणारे गृहस्थ माझ्या आधी या खुर्चीवर होते. ते आता परदेशी स्थायिक झाले आहेत आणि शाखांतून येणारे फोन माझ्याकडे स्थायिक झाले आहेत. सुरुवातीच्याच एका फोनवर लिपिक ताई अत्यंत गंभीर आवाजात म्हणाल्या, "सर, माझ्या सासऱ्यांचं नाव अवैध आहे म्हणतंय. पंचायत समितीतून रिटायर झालेत हो ते!"

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगायचे, तर रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुराची घडण कशी असावी हे चिन्हांत सांगणारे सूत्र. अमेरिकी गणिती स्टीफन क्लेनी यांनी 1950 च्या दशकात मज्जापेशींच्या जाळ्यांचा विचार करताना त्याची मांडणी केली आणि 1968 मध्ये संगणकतज्ज्ञ केन टॉम्प्सन यांनी मजकूर शोधण्यासाठी ते संगणकावर कसे चालवावे हे दाखवले. 'आधीची खूण शून्य किंवा कितीही वेळा चालेल' असे सांगणारी चांदणी आजही क्लेनींच्याच नावाने ओळखली जाते. ती पुढे एका निवृत्त ग्रामसेवकाला कर्ज मिळू देणार नाही, अशी शंका त्यांना येण्याचे काही कारण नव्हते.

नावाच्या चौकटीचे सूत्र वरकरणी निर्दोष होते: पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त अक्षरे असावीत. आमची प्रणाली ज्यावर बेतली आहे त्या मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये 'कोणत्याही लिपीतले अक्षर' असे लिहिण्याची सोय आहे आणि माझ्या पूर्वसूरींनी ती उदार मनाने वापरलीही होती. घोळ असा, की जगभरच्या लिपींतल्या प्रत्येक खुणेला क्रमांक आणि वर्ग देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण यांपैकी कोणीही 'अक्षर' नाही. त्या सर्वांची नोंद निराळ्या वर्गात आहे. परिणामी कमल, मदन, शरद आणि गगन यांना, तेही आडनाव कदम, भगत किंवा मगर असेल तरच, आमच्या संस्थेचे सभासद होता येत असे. सीताराम वेलांटीवर अडकत, तुकाराम उकारावर, आणि ज्ञानेश्वर तर पहिल्या जोडाक्षरातच गारद होत. पहिलीच्या वर्गात काना-मात्रा शिकवण्यापूर्वी फळ्यावर जेवढे शब्द लिहितात, तेवढ्या भांडवलावर ही संस्था चालावी अशी अपेक्षा होती. तोवर शाखांतून सगळी नावे इंग्रजीत भरली जात होती, म्हणून हे पितळ उघडे पडले नव्हते.

मी सूत्रात तो दुसरा वर्गही घातला आणि सासरे वैध झाले. पुढच्याच आठवड्यात बोऱ्हाडे आले. या आडनावातला अर्धा 'र' दोन प्रकारे लिहिता येतो: एकात नुक्त्याच्या 'र'चा पाय मोडतात, दुसऱ्यात साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे जोडणीची एक अदृश्य खूण टाकतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात. मात्र ती अदृश्य खूण अक्षरांत मोडत नाही आणि काना-मात्रांतही मोडत नाही. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांपैकी, ज्याचा अर्ज एका कळफलकावर टाइप झाला तो सभासद झाला आणि दुसऱ्याच्या आडनावाखाली लाल रेघ आली. धाकट्याने हे वाटणीच्या वादाशी जोडले, असे नंतर कानावर आले.

आकड्यांच्या बाबतीत न्याय नेमका उलटा होता. मोबाइल क्रमांकासाठी 'दहा अंक' एवढेच सूत्र होते, आणि डॉट नेटला निराळे बजावले नाही तर ते कोणत्याही लिपीतले अंक अंकच मानते. ताईंनी कळफलक न बदलता देवनागरीत ९ आणि ८ टाइप केले, तरी चौकट आनंदाने हिरवी होई. पुढे त्याच मजकुराची संख्या करणारी आज्ञा मात्र इंग्रजी अंकांखेरीज कोणाला ओळख दाखवत नाही. त्यामुळे सेव्ह दाबताच 'इनपुट स्ट्रिंग वॉज नॉट इन अ करेक्ट फॉरमॅट' असे बजावून प्रणाली मान टाकत असे. "हिरवं झालं होतं हो, सर," ही ताईंची तक्रार रास्तच होती.

पिनकोड मात्र गुणी. 15 ऑगस्ट 1972 रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून तो सुरू झाला: सहा अंक, पहिला शून्य नाही, महाराष्ट्र आणि गोवा म्हटले की सुरुवात चारने. वेलणकर संस्कृत कवी होते, तेव्हा वृत्तात बसणारी रचना त्यांना साधली यात नवल नाही. तीन अंकांनंतर जागा सोडून लिहिण्याच्या टपाली रिवाजाला आमचा फॉर्म चूक ठरवत असे, तेवढा दोष फॉर्मचा.

खरा छळ ई-मेलच्या चौकटीत होता. विंडोज फॉर्ममध्ये अशी सोय आहे, की चौकटीतला मजकूर सूत्रात बसला नाही तर कर्सरला बाहेर पडूच द्यायचे नाही. ती सढळ हाताने वापरली, की मागच्या चौकटीत जाता येत नाही, 'रद्द करा' दाबता येत नाही, आणि वरच्या कोपऱ्यातल्या फुलीने खिडकीही बंद होत नाही. समोर सत्तरीच्या आजी बसल्या आहेत, त्यांना ई-मेल हा शब्द ऐकून माहीत आहे, मागे रांग वाढते आहे, आणि पत्ता दिल्याशिवाय सुटका नाही. अशा वेळी ताईंनी काय करावे? त्यांनी शाखेतल्या शिपायाच्या पुतण्याचा पत्ता घातला. तो सूत्रात चपखल बसला. आज संस्थेच्या कितीतरी ज्येष्ठ सभासदांच्या ठेवींची पत्रे त्या मुलाकडे जातात, आणि वार्षिक सभेचे निमंत्रण तर त्याला शेकड्याने येते. फॉर्म जितका कडक, तितकी खोटी माहिती नीटनेटकी, असे माझे मत त्यावरून बनले आहे.

पॅनच्या चौकटीत पूर्वसूरींनी विद्वत्ता पणाला लावली होती. पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर एवढी तपासणी पुरली असती. पण पॅनमधले चौथे अक्षर व्यक्तीसाठी 'पी' असते आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर असते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आडनावाच्या चौकटीतले पहिले अक्षर उचलून ते सूत्रात पाचव्या जागी बसवले. लग्नानंतर आडनाव बदलले तरी पॅन क्रमांक तोच राहतो, हे मात्र त्यांच्या गावी नव्हते. एका फटक्यात, माहेरी पॅन काढून सासरचे आडनाव लावणाऱ्या बहुतेक महिला सभासद संशयित ठरल्या. त्यांत ताई स्वतःही होत्या. "म्हणजे सर, पॅनसाठी माहेरचं लावायचं आणि कर्जासाठी सासरचं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा ती अट मी त्याच संध्याकाळी काढून टाकली.

पत्त्याच्या सूत्रात 'आधीची खूण एक किंवा अधिक वेळा' या अटीच्या आत पुन्हा तीच अट होती. 'मारुती मंदिराच्या मागे, चिंचेजवळ' असा ऐसपैस पत्ता लिहून शेवटी एखादी नामंजूर खूण आली, की संगणक मागे येऊन येऊन तोच मजकूर निरनिराळ्या तऱ्हेने तोडून पाहतो, आणि एकेका वाढीव अक्षरागणिक त्याचे काम दुपटीने वाढत जाते. तोवर खिडकी पांढरीफटक पडलेली असते. अशाच मागेपुढे करण्यापायी 20 जुलै 2016 रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ 34 मिनिटे बंद पडले होते, हे मी व्यवस्थापक साहेबांना सांगितले. त्यावर त्यांनी, आपल्याकडे तेवढ्या वेळात चहा होतो, असे समाधान व्यक्त केले.

सध्या साहेबांची नजर जन्मतारखेवर आहे. त्या चौकटीचे सूत्र पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते आणि 29 फेब्रुवारी कोणत्या वर्षी चालेल हेदेखील बिनचूक ओळखते. ते कधी कोणाला अडवत नाही, कारण जुन्या सभासदांपैकी निम्म्यांची जन्मतारीख 1 जून आहे: शाळेत नाव घालताना आईवडिलांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी ती लिहून मोकळे होत. एवढी माणसे एका दिवशी जन्मणे साहेबांना संशयास्पद वाटते आणि ती तारीख लाल करता येईल का, अशी त्यांची विचारणा आहे. मी म्हटले, "साहेब, करता येईल, पण निम्मा तालुका लाल होईल." त्यांनी थोडा विचार केला आणि मग दुसऱ्या बँकांतल्या खाते क्रमांकांसाठी एखादे कडक सूत्र बसवायला सांगितले. हे क्रमांक प्रत्येक बँकेत निराळ्या लांबीचे असतात.