हवेतला माणूस खाली का पडत नाही?

टेकन हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळायला दोन माणसे पुरतात; त्याचे गुणदोष ठरवायला मात्र दिवाळीत आमच्या शहापुरातल्या घरी जमलेली सगळी माणसे अपुरी पडतात. १९५६ पासूनच्या सीमावादात जन्मलेल्या आणि २००४ पासून त्याच वादाच्या सुप्रीम कोर्टातल्या तारखा ऐकत आलेल्या बेळगावच्या माणसाला एखादा वाद लांबला म्हणून दचकायचे काही कारण नाही. तरीही हातात फराळाची बशी असताना ‘काका, तुम्हीच सांगा, एडी या लढवय्याला घेऊन खेळणे ही लबाडी आहे की नाही?’ असा प्रश्न अंगावर आला, की माझ्या हातातली चकली हातातच राहते. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून मी निःपक्षपाती असणार, अशी आमच्या घराण्यात एक समजूत आहे. तिच्यामुळे दरवर्षी पंचाचे काम माझ्याकडे येते, आणि दरवर्षी दोन्ही पक्ष मला फितूर ठरवून जेवायला बसतात.

पहिला पक्ष माझ्या धाकट्या भावाचा. मानवजातीची प्रगती ‘टेकन थ्री’पाशी येऊन थांबली, असे त्याचे ठाम मत आहे. नामको या जपानी कंपनीने हा भाग १९९७ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवर, आणि १९९८ साली घरच्या टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशनवर आणला, आणि पुढे तो आमच्या गल्लीबोळांतल्या पार्लरांत पोहोचला. त्याचा पहिला मुद्दा मला पटतो. टेकनमध्ये चार बटणे असतात, दोन हातांची दोन आणि पायांची दोन. डाव्या हाताचे बटण दाबले की पडद्यावरच्या पठ्ठ्याचा डावाच हात उठतो, त्यामुळे पुस्तक न वाचता कुणालाही पहिल्या मिनिटाला भांडता येते. शिवाय आधीच्या भागांत लढवय्ये उडी मारून जे वर जात, ते परत येईपर्यंत समोरच्याला जांभई देता येत असे. तिसऱ्या भागाने त्या उड्या आवरल्या आणि सगळ्यांनाच बाजूला सरकून वार चुकवायला शिकवले. इथपर्यंत कुणाचेच काही म्हणणे नसते.

म्हणणे सुरू होते ते एडी गोर्डोपासून. हा ब्राझीलचा माणूस कापोएरा खेळतो, म्हणजे बराचसा वेळ हातांवर उभा राहून पायांनी बोलतो. त्याला घेतल्यावर पायांची दोन बटणे आलटून पालटून नुसती बडवत राहिले, तरी पाय असे काही गरगरतात की पुढचा वार पोटात येणार की पोटरीवर, हे समोरच्या विद्वानाला ठरवता येत नाही आणि तो बिचारा आपल्या विद्वत्तेसकट आडवा होतो. माझा भाऊ एडीच घेतो. बडवण्याला तो ‘शैली’ म्हणतो.

दुसरा पक्ष पुतण्याचा, जो इंजिनियरिंगला आहे आणि ‘टेकन एट’चा भक्त आहे. हा भाग २६ जानेवारी २०२४ ला आला. त्या दिवशी त्याला झेंडावंदनाला नेताना काय कष्ट पडले, ते वहिनीच सांगू जाणे. त्याच्या मते टेकन ही फ्रेमची, म्हणजे पडद्यावरून पळणाऱ्या एकेका चित्राची, विद्या आहे. सेकंदाला साठ फ्रेम पळतात आणि सर्वांत चपळ ठोसा दहा फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात लागतो. कोणता वार अडवला गेल्यावर मारणारा किती फ्रेम उघडा पडतो, याची कोष्टके त्याला तोंडपाठ आहेत. परीक्षेची कोष्टके त्याच्या तोंडी अजून बसलेली नाहीत, पण तो विषय घरात निघत नाही. एडीच्या कितीतरी लाथा अडवल्या की तो उघडा पडतो, बाजूला सरकून त्याला सहज ठोकता येते, हे तो पुराव्यानिशी सिद्ध करतो. त्यावर माझा भाऊ इतकेच म्हणतो, “मग ठोक की.” आणि पुन्हा पाय गरगरू लागतात.

बरीच वर्षे पंचगिरी केल्यावर माझ्या ध्यानात आले आहे, की ज्याला जो हरवतो, तोच त्याच्या मते खेळातला दोष असतो. पुतण्याला एडी खुपतो. भावाला किंग खुपतो, कारण आमचे गोकाकचे कन्नड शेजारी, जे दिवाळीत करदंटाचा डबा घेऊन येतात, ते जॅग्वारचा मुखवटा घातलेल्या या पैलवानालाच घेतात आणि एकदा पकड बसली की एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे डाव गुंफत भावाचा चुराडा करतात. शेजाऱ्यांना पॉल खुपतो, कारण त्याचा एकच ठोसा समोरच्याच्या ताकदीची पट्टी भसकन रिकामी करतो. मी पॉल घेतो. मला त्यात गैर असे काही दिसलेले नाही.

नव्या भागाविषयी मात्र माझा कल भावाकडे आहे, आणि हे मी पुतण्यासमोरही बोललो आहे. ‘हीट’ नावाची एक सोय त्यात आहे. प्रत्येक फेरीत एकदा, जेमतेम दहा सेकंद, लढवय्या पेटून उठतो आणि त्याचे वार अडवले तरी समोरच्याची पट्टी झिजते. मागे सरकून, जोखून, राखून खेळणाऱ्याला हा खेळ उभाच राहू देत नाही. दुसरी गोष्ट पैशांची. तिसऱ्या भागात दडवलेले लढवय्ये खेळ पुन्हा पुन्हा पुरा केला की आपोआप पदरात पडत. आठव्या भागात सुरुवातीला बत्तीस जण आले, त्यांत एडी नव्हता, तो मागाहून वेगळे पैसे घेऊन आला. भावाने ते पैसे मुकाट्याने भरले, ही बाब पुतण्या दर फेरीनंतर सभेच्या निदर्शनास आणून देतो. भाऊ मग हुकमाचे पान काढतो: २०१९ साली जपान आणि अमेरिका इथल्या मारामारीच्या खेळांच्या दोन्ही इव्हो स्पर्धा जिंकणारा अर्सलान ॲश लाहोरच्या आर्केडमध्ये, खांद्याला खांदा लावून खेळणाऱ्यांत तयार झाला. यातून एडी निर्दोष कसा ठरतो, ते भावाने अजून उलगडलेले नाही.

कथेचा दोष वहिनीने काढला. ती वकिलांच्या ऑफिसात काम करते. हेइहाची मिशिमा आपल्या पाच वर्षांच्या मुलाला, काझुयाला, कड्यावरून फेकतो, मोठा झाल्यावर काझुया बापाला फेकतो, पुढे आजोबा नातवाला गोळी घालतात, सातव्या भागात काझुया बापाला लाव्हारसात टाकतो आणि तरीही २०२४ साली म्हातारा आठव्या भागात हजर होतो, हे सगळे ऐकून तिने एवढेच विचारले, “मृत्यूचा दाखला काढला होता का?” वेळेवर वाटणीचा दावा लावला असता तर एकही भाग निघाला नसता, हे तिचे मत कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे.

खरी पंचाईत आबांनी केली. आबा तरुणपणी आनंदवाडीच्या आखाड्यात उतरलेले. यंदा ते खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले आणि पुतण्याचा एक लांबलचक कॉम्बो पाहू लागले. कॉम्बो म्हणजे समोरच्याला एका फटक्यात हवेत उडवायचे आणि खाली येऊच न देता वरच्या वर बडवत राहायचे. तोवर त्या अभाग्याला करण्यासारखे काही नसते, माझा भाऊ त्या काळात कुंदा खातो. आबांनी चष्मा पुसला. “ह्यो खाली का पडंना?” पुतण्याने फ्रेम समजावल्या. आबांनी ऐकून घेतल्या आणि पुन्हा विचारले, “ते झालं गा, पण पडंना का?”

मग त्यांनी रिमोट मागितला. मुखवटा पाहून किंग निवडला, समोर भावाचा एडी. डाव्या हाताचे आणि डाव्या पायाचे बटण एकदम दाब, पकड बसते, एवढेच शेजाऱ्यांनी त्यांच्या कानात सांगितले. पाय गरगरायच्या आत आबांनी ती दोन बटणे दाबली. “खाली बस, खाली बस!” असे पुतण्या ओरडला, कारण बसलेल्याला ही पकड लागत नाही, पण तोवर एडी उचलून आपटला गेला होता. “पाठ लागली, निकाल,” म्हणत आबांनी रिमोट खाली ठेवला आणि उठून आत गेले.

भावाची पट्टी जवळजवळ भरलेलीच होती. त्याने उभा पुतळा झालेल्या किंगला निवांतपणे लाथा घालून ती फेरी जिंकली, नंतरचीही जिंकली आणि माझ्याकडे पाहिले. चितपट झालेला माणूस उठून जिंकतो कसा, असे शेजाऱ्यांनी मला आधी मराठीत आणि नंतर कन्नडमध्ये विचारले. पुतण्या नियम वाचून दाखवू लागला. पडद्यावर एडी विजयाच्या गिरक्या घेत होता, आणि तोवर आबा आतून फेटा बांधून इनाम घ्यायला बाहेर आले होते.